चार वर्षांत वसूल, पण कोणाचे?

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे किती वर्षांत वसूल होणार? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हाच प्रश्न, बँकेच्या कर्जविभागात हाच. उसाला ठिबक करावं की नको या विचारात असलेला बारामतीकडचा शेतकरी तो विचारतो, आणि नवं सीएनसी मशीन घेऊ पाहणारा भोसरीचा लघुउद्योजकही. विक्रेत्यांना तो पाठ असतो. म्हणून पत्रकावर त्याचं उत्तर सगळ्यांत ठळक छापलेलं असतं: ‘चार वर्षांत वसूल, पुढची एकवीस वर्षं वीज मोफत.’

या प्रश्नाची बाजू घेणारे जो युक्तिवाद करतात तो नीट ऐकून घेण्यासारखा आहे. उद्याचं कोणी पाहिलेलं नाही, तेव्हा घातलेला पैसा लवकरात लवकर हातात परत येणं हीच खरी सुरक्षितता, असं ते म्हणतात. हिशेब कोणालाही जमेल इतका सोपा आहे: खर्चाला वर्षाच्या बचतीने भागा, वर्षं मिळाली. मोठमोठ्या कंपन्यांचे वित्तप्रमुखसुद्धा तो करतात. मग सरकारनेही हीच मोजपट्टी का लावू नये? ज्या कालव्याचे, रेल्वेमार्गाचे किंवा एसटीच्या फेरीचे पैसे ठरावीक मुदतीत फिटत नाहीत ते काम हातीच घेऊ नये, कारण पैसा शेवटी करदात्याचा आहे.

यातला सुरुवातीचा भाग अर्धा खरा आहे. शेवटचा भाग मात्र महाराष्ट्राने एकदा भोगून पाहिला आहे, आणि त्याच्या खुणा नीरा-प्रवरेच्या काठी आजही दिसतात.

वसुलीची वर्षं मोजण्यात गैर काही नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर गाळा घेतलेल्या माणसाने तीन वर्षांत फिटणारं फर्निचर करू नये. सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने पैसे उचलणाऱ्याने तर महिनेच मोजावेत. ज्याच्या गाठीशी काही नाही त्याला पैसा अडकणं हाच सगळ्यांत मोठा धोका असतो, आणि त्या धोक्याचा अंदाज हा आकडा चांगला देतो. माझा पैसा किती काळ अडकून राहील, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. ही गोष्ट करण्याजोगी आहे का, हा प्रश्न निराळा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलं की काय होतं, ते सौर पॅनेलच्याच हिशेबात पाहता येतं.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली. एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे वाढ नाही. महाराष्ट्रातल्या उन्हात एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला साधारण १२० युनिट देते, तेव्हा तीन किलोवॅटची ३६०. समजा, ती १,९०,००० रुपयांना बसली. अनुदान वजा जाता घरमालकाच्या खिशातून गेले १,१२,०००.

आता हीच यंत्रणा तीन घरांवर बसवून पाहू. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. वहन आकार धरून पहिली १०० युनिटं सहा रुपयांच्या आतबाहेर, १०१ ते ३०० या टप्प्याला साडेअकराच्या जवळ, ३०१ ते ५०० या टप्प्याला पावणेसोळाच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीजशुल्क. पहिलं घर दोन निवृत्त माणसांचं. पंखे, फ्रिज, टीव्ही, महिन्याला १२० युनिट. त्यांची बचत महिना साडेनऊशे रुपये. दुसरं चौघांचं, २५० युनिट. बचत पावणेसत्तावीसशेच्या घरात. तिसऱ्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, गीझर आहे, वापर ३६० युनिट. बचत चार हजार चारशेच्या वर.

भागाकार केला की पहिल्या घराचे पैसे दहा वर्षांत फिटतात, दुसऱ्याचे साडेतीन वर्षांत आणि तिसऱ्याचे दोन वर्षं उलटता उलटता. पॅनेल तेच, ऊन तेच, किंमत तीच. पत्रकावरचं ‘चार वर्षांत’ हा पॅनेलचा गुण नाहीच. तो बसवणाऱ्याच्या वीजबिलाचा गुण आहे, आणि ते बिल किती युनिटांचं धरलं हे पत्रकावर छापलेलं नसतं.

पहिल्या घरावर थोडा अन्याय झाला हे खरं. त्यांची न वापरलेली युनिटं नेट मीटरमधून ग्रिडमध्ये जातात आणि पुढच्या बिलांत वळती होतात. आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्यांचे पैसे मिळतात. पण तो दर घरगुती दराच्या मानाने फार कमी असतो. युनिटामागे तीन रुपये धरले तर दहा वर्षांची साडेपाच-पावणेसहा होतात. खरं उत्तर वेगळंच आहे: या घराने तीन किलोवॅटच्या वाटेला जाऊच नये. एक किलोवॅटची यंत्रणा सत्तर हजारांना मिळाली आणि तीस हजार अनुदान आलं, तर चाळीस हजारांत त्यांचं सगळं भागतं, आणि तेही साडेतीन वर्षांत फिटतं. मग विक्रेता त्यांना तीन किलोवॅटकडे का नेतो? कारण पूर्ण अनुदान तिथे मिळतं आणि विक्रीही तिथे मोठी होते. ‘वापर थोडा वाढवा, एखादा एसी लावून घ्या, म्हणजे वसुली लवकर होईल,’ हा सल्लाही बरोबर येतो. वीज वाचवणाऱ्याला शिक्षा आणि उधळणाऱ्याला शाबासकी देणारी ही मोजपट्टी आहे. सार्वजनिक अनुदानाची योजना तिच्यावर तोलायची का, याचा विचार योजना राबवणाऱ्यांनी करायलाच हवा.

बरं, हे सगळं रोख पैशाचं झालं. कर्ज काढलं तर? भागाकारात व्याजाला जागाच नाही. ज्या खरेदीची वसुली दहा वर्षांची आहे ती दहा टक्के व्याजाने केली, तर वर्षाची सगळी बचत वर्षाच्या व्याजातच जाते. मुद्दल एक पैशाने कमी होत नाही. दहा वर्षांनी नाही, पंचवीस वर्षांनीही नाही. आकडा सांगतो दहा वर्षं, प्रत्यक्षात ती खरेदी कधीच फिटत नाही. साडेतीन वर्षांची वसुली त्याच व्याजाने साडेचार वर्षांवर जाते, तेही बचत दरवर्षी ठरल्याप्रमाणे झाली तर. बँकेच्या टेबलावर बसून कर्जदाराला साध्या भागाकाराचं उत्तर ऐकवणं म्हणजे त्याच्यापासून सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लपवणं आहे.

‘चार वर्षांत वसूल’ म्हणणाऱ्याला पाचव्या वर्षाशी देणंघेणं नसतं, हा याहून मोठा दोष. पॅनेलची कामगिरी-हमी साधारण पंचवीस वर्षांची असते, इन्व्हर्टरचं आयुष्य मात्र आठ-बारा वर्षांचं. दुसऱ्या घराने दोन कोटेशनं मागवली. एक १,७०,००० चं, पाच वर्षांच्या हमीचा इन्व्हर्टर आणि साध्या रंगवलेल्या लोखंडाचा सांगाडा. दुसरं २,१०,००० चं, दहा वर्षांची हमी आणि जस्ताचा जाड मुलामा दिलेला सांगाडा. वसुलीच्या वर्षांत पहिलं सरळ जिंकतं: तीन वर्षांच्या आत, तर दुसऱ्याला चारच्या वर. घर रत्नागिरीत असेल, छपरावर खारा वारा आणि चार महिने पाऊस असेल, तर साध्या लोखंडाचं काय होतं ते तिथल्या कोणत्याही घराच्या खिडकीचे गज सांगतील. सांगाडा बदलायचा तर सगळी पॅनेलं उतरवावी लागतात. सहाव्या-सातव्या वर्षी इन्व्हर्टर गेला तर तीस-चाळीस हजारांचा खर्च. पण हे सगळं ‘वसुली’नंतर घडतं, म्हणून हिशेबाच्या कागदावर ते उमटतच नाही. निकृष्ट माल हा या मोजपट्टीवर नेहमी अधिक चांगला दिसतो.

आणि दर? आजचा दर पंचवीस वर्षं राहील हे गृहीत धरूनच पुढची ‘मोफत’ वर्षं मोजलेली असतात. स्थिर आकार तर सूर्य कितीही तळपला तरी दरमहा भरावाच लागतो. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये नव्या सौर ग्राहकांनी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने उतरवला. एका नियमाने वसुलीची वर्षं पालटली. नियम बदलू शकतो म्हणूनच लवकर वसुली हवी, असं उलट उत्तर यावर येतं, आणि त्यात तथ्य आहे. पण मग पत्रकावर एक आकडा न छापता दर उतरला तर किती आणि चढला तर किती, असे दोन छापले पाहिजेत. धोक्याची मोजपट्टी म्हणवणारा आकडा स्वतःमधला धोका दाखवत नसेल, तर तो कशासाठी?

राहता राहिला मोठ्या कंपन्यांचा दाखला. जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वे या दोन प्राध्यापकांनी ३९२ वित्तप्रमुखांची केलेली पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून जास्त जणांनी वसुलीचा काळ नेहमी किंवा जवळजवळ नेहमी पाहतो असं सांगितलं, हे बरोबर. पण त्याच पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश जणांनी व्याजाचा आणि संपूर्ण आयुष्याचा हिशेब घेणाऱ्या पद्धतीही तितक्याच नेमाने वापरतो असं सांगितलं होतं. त्यांच्यासाठी हा आकडा अनेकांतला एक आहे. सामान्य ग्राहकाच्या हातात मात्र तो एकटाच दिला जातो.

आता सरकारकडे वळू. तिथे या प्रश्नाने जे केलं ते एका घराच्या वीजबिलापुरतं राहिलं नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची कंबर मोडली. त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला आणि १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. पाटबंधाऱ्यांची कामं दोन वर्गांत विभागली गेली: उत्पादक आणि संरक्षक. उत्पादक कोणतं? काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या आत ज्याचं निव्वळ उत्पन्न गुंतवलेल्या भांडवलाच्या व्याजाइतकं होईल ते. अशा कामाला कर्जाऊ पैसा मिळे. बाकीच्यांनी दुष्काळ निवारणासाठी बाजूला काढलेल्या तुटपुंज्या निधीच्या तोंडाकडे पाहत बसायचं. आज कोणी ‘दहा वर्षांत फिटत नसेल तर करू नका’ म्हणतो, तेव्हा तो नकळत याच नियमाची उजळणी करत असतो.

पंजाबच्या कालव्यांनी ही परीक्षा सहज पार केली. तिथल्या नद्यांना हिमालयाचं बर्फ वितळून उन्हाळ्यातही पाणी येतं, जमीन सपाट, मोठं धरण न बांधता नुसत्या बंधाऱ्याने पाणी वळवता येई. सरकारी पडीक जमिनीवर वसाहती वसवल्या, आणि आलेल्या शेतकऱ्याला कालव्यावाचून पर्यायच नव्हता. पाणीपट्टी दरवर्षी हमखास येत राहिली.

दख्खनमध्ये यातलं काहीच नव्हतं. नद्या पावसाच्या, तेव्हा पाणी साठवायला धरण बांधणं भाग. जमीन उंचसखल आणि खडकाळ, म्हणून कालव्याचा दर मैल महाग. सगळ्यांत अवघड गोष्ट शेतकऱ्याच्या वागण्यात होती, आणि ते वागणं पूर्ण शहाणपणाचं होतं. ज्वारी-बाजरी करणारा माणूस पाऊस नीट झाला की कालव्याचं पाणी घेत नसे. कशाला घेईल? पाणीपट्टी भरायची, तीही आभाळातून फुकट मिळालेल्या पाण्यासाठी? पाऊस दडी मारायचा त्याच वर्षी तो पाटकऱ्याच्या दारात उभा राहायचा. म्हणजे बऱ्या वर्षांत कालवा रिकामा आणि वही तोट्यात. आणि ज्या वर्षी कालवा हजारो एकर पीक वाचवायचा, गुरं जगवायचा, गावं सोडून जाणारी माणसं थांबवायचा, त्या वर्षीही वहीत पाणीपट्टीचे चार पैसेच जमा. ज्या कामासाठी तो बांधला त्याची नोंद करायला वहीत रकानाच नव्हता.

मग अधिकाऱ्यांनी काय केलं? जे पीक पाणी बाराही महिने मागतं आणि पट्टी दरवर्षी भरतं, ते त्यांनी जवळ केलं. ते पीक ऊस. दुष्काळापासून संरक्षण म्हणून बांधलेल्या नीरा डाव्या कालव्यावर ऊस पसरत गेला. पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरेवर गटपद्धत आणली. ठरावीक गटाला पाणी, त्यात ऊस एका वाट्यापुरता, बाकी क्षेत्रात कमी पाण्याची पिकं, म्हणजे जास्त गावांना पाणी पोचेल, अशी ती मांडणी होती. कल्पना न्यायाची होती. पण उत्पन्नाचा तगादा आणि न्याय एकाच पाटात वाहू लागले की कोणाचा जोर चालतो, हे पुढच्या शंभर वर्षांत सगळ्यांनी पाहिलं आहे. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा अगदी थोडा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा आजही घेतो. याचा सगळा दोष साखरसम्राटांवर टाकण्याची रीत आहे. साखर कारखाने उभे राहण्याच्या कितीतरी आधी, वसुलीची वर्षं मोजणाऱ्या एका नियमाने पाण्याची दिशा ठरवून टाकली होती, हे मात्र क्वचितच बोललं जातं.

त्या काळातही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभर फिरून पाहणी केली. दख्खनमधल्या कामांतून थेट व्याज सुटणार नाही, पण प्रत्येक दुष्काळात मदतकार्यावर होणारा सरकारी खर्च ती वाचवतील, आणि ती बचत हिशेबात धरायलाच हवी, असं आयोगाने सांगितलं. एकरामागे किती भांडवल घालणं योग्य, याचा आडाखाही त्याने त्या बचतीवरून बांधून दाखवला. आयोगानंतरच्या काळात गोदावरीचे कालवे झाले, दारणा धरण झालं, प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. दहा वर्षांच्या नियमावर काटेकोर बोट ठेवलं असतं तर यांतलं काहीच उभं राहिलं नसतं.

यापुढचं काम धनंजयराव गाडगीळ यांचं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न नेमका हाच होता: पाणीपट्टीच्या पलीकडे कालव्याने काय दिलं? शेतकऱ्याचं वाढलेलं उत्पन्न, मजुराचं काम, गूळ-साखर करणारे, माल वाहणारे, बाजारपेठेतले व्यापारी, आणि या सगळ्यांकडून वेगवेगळ्या वाटांनी सरकारकडे परत येणारा कर. वहीत तोट्याचा दिसणारा कालवा त्या भागाच्या दृष्टीने काय होता, ते शेत आणि बाजार मोजून मांडलं गेलं. त्यानंतर दोनेक वर्षांतच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं, आणि गाडगीळ त्या कामात बरोबर होते. पुढे १९६४ मध्ये देशातच पाटबंधारे मंजूर करण्याचा निकष बदलला: सरकारी तिजोरीत येणाऱ्या परताव्याऐवजी फायदा आणि खर्च यांचं गुणोत्तर पाहायचं ठरलं.

इथे विरोधकांचा सगळ्यांत धारदार आक्षेप येतो. तिजोरीचा आकडा सोडला आणि ‘समाजाचा फायदा’ मोजायला लागलात की कोणतंही काम कागदावर फायद्याचं दाखवता येतं. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. २०१२ मध्ये सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. मग साधा, कठोर, पळवाट नसलेला वसुलीचा नियम बरा नव्हता का?

नव्हता. गोसीखुर्दच्या वसुलीची वर्षं ३७२ कोटींवर काढली असती तर तीही उत्तम दिसली असती. तिथे फसला तो खर्चाचा आकडा आणि कामाचा कालावधी. ते दोन्ही खोटे असतील तर कोणतंही सूत्र खोटंच उत्तर देईल. वसुलीच्या सूत्रात पळवाटा नाहीत हा भ्रम आहे. खर्चात काय धरायचं, मिळकतीत काय धरायचं, घड्याळ कधी सुरू करायचं, या तिन्ही जागा मोकळ्या असतात. टोलचा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं धुमसतो तो यामुळेच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि जुना महामार्ग यांच्या वसुलीचे हक्क २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन पंधरा वर्षांसाठी दिले गेले. २०१९ मध्ये ती मुदत संपली, आणि नव्या करारानुसार टोल पुढे चालू आहे. रस्त्यावरून जाणारा म्हणतो पैसे केव्हाच वसूल झाले. सरकार म्हणतं देखभाल आहे, इतर कामांची देणी आहेत. दोघेही आपापल्या वहीत बरोबर असू शकतात, कारण खर्चाच्या बाजूला काय लिहायचं हे प्रवाशाला कधी उघडपणे दाखवलेलं नाही. वसुलीचा आकडा इतका निर्विवाद असता तर हा वाद एका दुपारी मिटला असता.

तेव्हा मागणी सूत्र बदलण्याची नाही, सगळी वही उघडी करण्याची आहे. कालवा, रेल्वे, बसमार्ग, सांडपाणी प्रकल्प, काहीही असो. मंजुरीच्या फाइलीवर वसुलीची वर्षं जरूर असावीत. त्यांच्या शेजारी त्या कामाचं पूर्ण आयुष्य, त्या आयुष्यातला देखभालीचा खर्च, आणि पैसे भरणारा कोण व लाभ घेणारा कोण हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. एसटीची दुर्गम पाड्यावर जाणारी फेरी तिकिटांत कधीच फिटणार नाही. तिच्यातून शाळेला जाणाऱ्या मुली आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे पेशंट हिशेबात कुठे धरले, हे फेरी बंद करण्याआधी लिहून दाखवण्याची सक्ती असली पाहिजे.

ज्या गोष्टी उशिरा फिटतात त्यांच्याबाबत खरा प्रश्न असतो तो थांबायचं कोणी, हा. महाराष्ट्राने एकदा त्याचं अतिशय चांगलं उत्तर दिलेलं आहे. हापूसचं कलम लावलं तर फळ धरायला पाच वर्षं जातात, बाग नीट उत्पन्नाला यायला आठ-दहा. नंतर ती पुढची अनेक दशकं देत राहते. वसुलीची वर्षं मोजून कोकणातल्या अल्पभूधारकाने आंबा लावला नसता, आणि पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळांनी तो लावलाही नाही. डोंगरउतार वरकस म्हणून नाचणी-वरीवर राहिले किंवा पडून राहिले. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. खड्डे खणणं, कलमं, खत, राखण यांचा खर्च अनुदान म्हणून, तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, झाडं जगल्याच्या अटीवर. कोकणात आंबा-काजू, अवर्षणाच्या भागात डाळिंब-बोर. राज्यातलं फळबागांचं क्षेत्र पुढच्या काही वर्षांत अनेक पटींनी वाढलं. आंब्याला मोहोर यायला लागतो तेवढाच काळ लागला, वसुली एका वर्षानेही अलीकडे आली नाही. सुरुवातीच्या सगळ्यांत अवघड तीन वर्षांचा भार मात्र रोजगार हमीच्या निधीने उचलला, आणि लावणीपासून राखणीपर्यंतची मजुरी त्याच गावातल्या माणसांना मिळाली.